विद्यार्थी-रंगभूमी आणि ‘नवखा’ नट : औरंगाबादच्या संदर्भात

विद्यार्थ्यांच्या नाटकाविषयी मराठी समीक्षेत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्याची परिभाषा तपासली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. प्रथमच रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला मराठीत ‘होतकरू’ म्हणतात, ‘उमेदवार’ म्हणतात, क्वचित ‘शिकाऊ’ म्हणतात. या तिन्ही शब्दांचा रोख भविष्याकडे आहे. होतकरू म्हणजे पुढे काही होणारा. उमेदवार म्हणजे उमेद धरून बसलेला. तो आज जे करतो आहे त्याला स्वतःचा अर्थ नाही, उद्या तो जे करील त्यातून आजच्या करण्याला अर्थ मिळेल, असे हे गृहीतक आहे. त्यामुळे विद्यार्थी-रंगभूमीचा इतिहास नेहमी उलट्या दिशेने लिहिला जातो. एखादा नट, दिग्दर्शक किंवा नाटककार मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर नावारूपाला आला की त्याच्या महाविद्यालयीन दिवसांचा शोध घेतला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच तालमीत उभे राहिलेले, पण पुढे शिक्षक, कारकून, वकील किंवा शेतकरी झालेले पंधरा-वीसजण इतिहासातून आपोआप गळतात. ‘नवखा’ हा शब्द मात्र निराळा आहे. तो भविष्याविषयी काही सांगत नाही; समोरच्या वस्तूशी माणसाचे आजचे जे अपरिचयाचे नाते आहे तेवढेच तो सांगतो. विद्यार्थी-रंगभूमीचा विचार या शब्दापासून सुरू केला तर काय दिसते, हे पाहण्यासाठी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे फार महत्त्वाचे स्थळ आहे.

नाटक मंडळ्यांच्या काळात नवख्याची व्यवस्था ठरलेली होती. पोरवयात कंपनीत दाखल व्हायचे, बिऱ्हाडात राहायचे, तालीममास्तरांच्या हाताखाली वर्षानुवर्षे घटवून घ्यायचे. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत एकोणिसाव्या शतकात शेक्सपिअरचे आणि संस्कृत नाटकांचे जे प्रयोग विद्यार्थी करू लागले, त्यांचा नवखेपणा वेगळ्या जातीचा होता. तेथे अभिनय नवा होता, पण संहिता, तिची भाषा आणि ती ज्या संस्कृतीतून आली तिची प्रतिष्ठा यांच्याशी त्या विद्यार्थ्याचा घरातून किंवा वर्गातून परिचय झालेला असे. समोर बसलेला प्रेक्षकही त्याच्याच वर्गातला होता. रंगमंचावर पाऊल टाकताना त्याला घाबरायला होत असेल. परंतु त्या जागी उभे राहण्याच्या त्याच्या अधिकाराविषयी त्याला किंवा प्रेक्षकाला शंका नव्हती. हा भेद पुढील विवेचनात कळीचा आहे.

मराठवाड्यात ही परंपरा फारशी पोहोचली नव्हती. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादेत 1923 साली इंटरमिजिएट कॉलेज निघाले, मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा थोर उर्दू पंडित तेथे प्राचार्य होता. पण मराठी भाषक ग्रामीण मुलाला, त्यातही अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलाला, तेथपर्यंत पोहोचण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1950 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते 23 ऑगस्ट 1958 रोजी. तोपर्यंत हे महाविद्यालय हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. म्हणजे येथील विद्यार्थी-रंगभूमीचा आरंभ विद्यापीठाच्या स्थापनेआधीचा आहे. विद्यापीठाच्या सांस्कृतिक इतिहासाची मांडणी करताना ही कालगणना सहसा लक्षात घेतली जात नाही.

महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे देण्यात आली, त्यांतही एक सूचना आहे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेनाशी त्याचा जो संवाद पाली परंपरेने जपला, तो प्रश्नोत्तरांचा, म्हणजे एका अर्थी दोन पात्रांचा आहे. ज्याला अजून कळलेले नाही आणि ज्याला तसे म्हणण्याचा संकोच वाटत नाही, त्याचे नाव शिक्षणसंस्थेला मिळाले. नागसेनवनातल्या वसतिगृहांत आलेली मुले मराठवाड्याच्या खेड्यांतून आली, तशी विदर्भ-खानदेशातूनही आली. अनेकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच होते. पुस्तक, ग्रंथालय, प्राध्यापकाशी समोरासमोर बोलणे, पंक्तीत बसून जेवणे, या सगळ्याशीच ते नवखे होते. नाटकाशी असलेला नवखेपणा हा त्यातला एक भाग. एका बाबतीत मात्र ते नवखे मुळीच नव्हते. तमाशा, पोवाडा, भजन, भारूड, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सत्यशोधक व आंबेडकरी जलसे यांचा वारसा त्यांच्या वस्त्यांत जिवंत होता. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी जलशाला चळवळीचे माध्यम बनवले, ते बांधीव रंगमंचाची वाट न पाहता. म्हणजे सादरीकरणाचे अंग या मुलांच्या समाजात होते. त्यांच्यासाठी नवी होती ती ‘नाटक’ नावाची संस्था : लिहिलेली संहिता, पाठ केलेला संवाद, पडदा, महाविद्यालयाच्या नावाने होणारा प्रयोग.

या पार्श्वभूमीवर मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेल्या ‘युगयात्रा’ या नाटकाकडे पाहावे लागते. 1955 साली महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ते सादर केले आणि तो प्रयोग डॉ. आंबेडकरांनी पाहिला. पुढे 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी लाखोंच्या समुदायापुढे त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या बहुतेक इतिहासांत हे नाटक आरंभबिंदू म्हणून येते आणि नंतर चर्चा लवकरच सत्तरच्या दशकाकडे वळते. संहिता म्हणून तिच्यात उणिवा आहेत, ती प्रचाराकडे झुकते, पात्रे व्यक्ती न राहता प्रतिनिधी होतात, असे अभिप्राय देऊन समीक्षक मोकळा होतो. हे अभिप्राय संहितेपुरते असतात. ‘युगयात्रा’चे महत्त्व मात्र संहितेत जेवढे आहे त्याहून अधिक ती कोणी उभी केली यात आहे.

पुराणकाळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्यतेच्या इतिहासातील टप्पे एकामागून एक मांडणे, ही या नाटकाची रचना. एका नायकाचा मनोव्यापार तीन अंकांत फुलवत न्यायचा, तर अभिनयाचे दीर्घ शिक्षण लागते. प्रसंगमालिकेत तसे होत नाही. पात्रे अनेक, प्रवेश छोटे, प्रत्येक प्रवेशाला स्वतःचा आरंभ व शेवट. एखादा नट एका प्रवेशात येतो, दोन-चार वाक्ये बोलतो, जातो, आणि नाटक त्याच्यावाचून पुढे चालते. नवख्यांना मोठ्या संख्येने सामावून घेणारा हा आकृतिबंध आहे. नाट्यशिक्षणाच्या सोयीने तो निवडला गेला असेल किंवा नसेल; पण परिणाम तोच. शिवाय काळ बदलतो, राजे बदलतात, वेशभूषा बदलते आणि अवमानाची रीत बदलत नाही, हे सूत्र प्रेक्षकापर्यंत पोहोचायला एकच नट सलग दिसण्याची गरज नाही. उलट निरनिराळ्या मुलांच्या देहांतून तो अवमान क्रमाने जात राहणे हीच त्या नाटकाची गती आहे.

आता प्रश्न येतो तो अभिनयाचा. रंगमंचावरील नट हा जे नाही ते असल्याचे दाखवतो, ही नाट्यसंकेताची पायाभूत अट मानली जाते. शिक्षित नटाचे कौशल्य म्हणजे स्वतः आणि पात्र यांच्यातील अंतर हाताळण्याचे कौशल्य. नागसेनवनातील विद्यार्थी जेव्हा गावकुसाबाहेर थांबवलेल्या माणसाची भूमिका करतो, तेव्हा हे अंतर किती उरते? आणि तोच विद्यार्थी पुढच्या प्रवेशात त्या माणसाला थांबवणाऱ्याचा वेश घेतो तेव्हा काय होते? दुसरी घटना पहिलीपेक्षा अधिक क्रांतिकारक आहे, असे म्हणण्यास जागा आहे. ज्याच्यापुढे वाकावे लागत होते त्याचा आवाज, त्याची चाल, त्याचा तोरा उचलून लोकांसमोर दाखवणे म्हणजे ती सत्ता निसर्गदत्त नसून शिकता येण्यासारखी, म्हणूनच सोडून देता येण्यासारखी गोष्ट आहे, हे दाखवणे. सराईत नटाने हे केले असते तर प्रेक्षकाने त्याच्या कसबाला दाद दिली असती. नवख्याने केले, तेव्हा कसबाचा पडदा मध्ये नव्हता.

याच ठिकाणी शंभर वर्षे मागे जावे लागते. महात्मा फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक 1855 साली लिहिले, दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले, आणि ते नाकारले गेले. ते छापून यायला 1979 साल उजाडले. भटजीच्या फसवणुकीला बळी पडलेले कुणबी जोडपे अखेरीस शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करते, तेथे ते नाटक संपते. ‘तृतीय रत्न’ शाळेच्या दारापाशी थांबते. ‘युगयात्रा’ त्या दारातून आत गेलेल्यांनी केलेली आहे. 1855 आणि 1955 या दोन सालांमधले शतक हा योगायोगच, त्यात गूढ शोधण्याचे कारण नाही. तरी फुल्यांच्या नाटकातील जोडपे ज्या दिशेने चालू लागते, त्या दिशेला एक महाविद्यालय, एक वसतिगृह आणि एक रंगमंच उभा राहण्यास एवढा काळ लागला, ही वस्तुस्थिती मराठी नाटकाच्या इतिहासात कोठेतरी नोंदली जायला हवी. फुल्यांच्या नाटकाला प्रयोगच लाभला नाही. त्याला नट कोण मिळाले असते, हा प्रश्नही त्या काळी उद्भवला नाही.

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य नाट्यविचारात नवख्याला केंद्रस्थानी आणण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न बर्टोल्ट ब्रेख्टचा. 1930 च्या सुमारास त्याने जी शिक्षणनाट्ये रचली, ती प्रेक्षकांना शिकवण्यासाठी नसून करणाऱ्यांनी करता करता शिकावे यासाठी होती; त्यांचे अपेक्षित नट शाळकरी मुले, विद्यार्थी आणि कामगार. त्यांतले ‘हो म्हणणारा’ हे 1930 मधील नाटक बर्लिनच्या एका शाळेतील मुलांनी वाचून त्याच्या शेवटावर आक्षेप घेतले, तेव्हा ब्रेख्टने संहिता बदलली आणि ‘नाही म्हणणारा’ हा तिचा प्रतिपक्षही लिहिला. नवखा नट येथे संहितेचा टीकाकार होतो. ‘युगयात्रा’च्या बाबतीत ही तुलना एका मर्यादेपर्यंतच नेता येते. ब्रेख्टला प्रेक्षक गौण वाटत होता; नागसेनवनातल्या प्रयोगाला प्रेक्षक गौण असणे शक्य नव्हते. ज्या माणसाने महाविद्यालय उभारले तो समोर बसलेला होता. आणि नागपूरला तर नट व प्रेक्षक यांच्यात मंचाच्या उंचीखेरीज दुसरा भेद उरला नसणार : ज्यांचा इतिहास दाखवला जात होता तेच पाहत होते, आणि दाखवणारे त्यांच्यातलेच.

आपल्याकडची उगमकथाही नवख्यांचीच आहे, हे येथे सहज आठवते. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यवेद निर्माण होतो तो वेदश्रवणाचा अधिकार नसलेल्यांनाही खुला असावा म्हणून, आणि त्याचा पहिला प्रयोग करतात भरताचे शंभर पुत्र. त्या पहिल्याच प्रयोगात आपला पराभव रंगवलेला पाहून दैत्य चिडतात आणि प्रयोग बंद पाडतात. मग नाट्यगृहाच्या रक्षणाची योजना होते. ग्रंथाच्या अखेरीस हेच भरतपुत्र ऋषींची टवाळी करतात आणि शूद्रत्वाचा शाप मिळवतात. नट, वर्ण आणि ‘कोणाला कोणाचे सोंग घेता येईल’ हा प्रश्न यांची गाठ आपल्या नाट्यशास्त्रात पहिल्या अध्यायापासून शेवटच्या अध्यायापर्यंत पडलेली आहे. संस्कृत नाट्यमीमांसेने रसचर्चेत या कथांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, इतकेच.

‘युगयात्रा’चे गुणगान करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. संहिता प्राचार्यांची होती. चिटणीस स्वतः दलित समाजातले नव्हते. त्यांची बांधिलकी निःसंशय होती, परंतु विद्यार्थ्याच्या वाट्याला आले ते दुसऱ्याने लिहिलेले वाक्य. आपल्या इतिहासाचे शब्द आपल्याला कोणीतरी द्यावेत आणि आपण ते पाठ करावेत, हा नवखेपणाचा पहिला टप्पा. दुसरा टप्पा विद्यार्थी स्वतः लिहू लागतो तेव्हाचा, आणि तो यायला एक-दीड दशक जावे लागले. त्याची भूमी पुन्हा नागसेनवनच होती. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात उभे राहिलेले ‘अस्मितादर्श’ आणि त्याभोवतीचे लेखक-मेळावे यांनी दलित साहित्याला जे व्यासपीठ दिले, त्याची दखल साहित्येतिहासाने घेतली. त्याच परिसरात नाटक करणाऱ्या मुलांची तेवढी दखल घेतली गेली नाही. कारण साधे आहे : कविता छापली जाते आणि उरते, प्रयोग संपतो.

सत्तरच्या दशकात मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आकाराला आला आणि नवख्याचे स्थान मुळातून बदलले. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेले कमलाकर सोनटक्के यांनी या विभागाला शिस्त दिली. आवाज, देहबोली, प्रकाशयोजना, नेपथ्य यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण खेड्यातून आलेल्या मुलाला विद्यापीठात मिळू लागले, ही सामान्य गोष्ट नव्हती. पुण्या-मुंबईत ज्या गोष्टी घराणे, गोतावळा आणि शहर यांच्यामुळे आपोआप कानावर पडतात, त्या येथे अभ्यासक्रमातून द्याव्या लागल्या. नवख्याला प्रवेशाची एक उघड, नियमबद्ध वाट मिळाली. पण अभ्यासक्रम आला की दोषांची यादीही येते. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांचे उच्चार, ‘कामून’सारखे शब्द, ‘करायलो’, ‘जायलो’ अशी क्रियारूपे आता दुरुस्त करण्याच्या गोष्टी ठरतात. मिलिंदच्या मंचावर जो नवखेपणा अर्थ निर्माण करीत होता, तो येथे उणीव होतो. यात कोणा शिक्षकाचा दोष नाही. प्रमाण उच्चार येत नसेल तर मुलाला मुंबईत काम मिळणार नाही, हे शिक्षकाला ठाऊक असते. परंतु विद्यार्थी-रंगभूमी मुंबईच्या मापाने मोजण्याचा आरंभ येथून होतो, हेही तितकेच खरे.

बोलीचा हा प्रश्न याच विभागातील दोन अध्यापकांनी दोन निरनिराळ्या वाटांनी सोडवून पाहिला. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाने मराठवाड्याची बोली महाराष्ट्रभर आणि परदेशांतही नेली. बावन्न पात्रे एका माणसाच्या गळ्यातून उभी करणारा तो प्रयोग अभिनयाचा वस्तुपाठ होता. मात्र ती बोली ऐकली गेली ती हसण्यासाठी. पुढे मकरंद अनासपुरे यांच्यामुळे हीच बोली चित्रपटात गेली, तीही विनोदाच्याच दाराने. रुस्तुम अचलखांब यांची वाट वेगळी. त्यांनी तमाशाला ‘लोकरंगभूमी’ म्हणून अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली; जे अंग विद्यार्थी घरून घेऊन येतो, ते विद्यापीठाच्या दारात उतरवून ठेवण्याची गरज नाही, असा त्यांच्या कामाचा अर्थ. ‘गावकी’ हे त्यांचे आत्मकथन या भूमिकेसोबत वाचले पाहिजे. तमाशाचा बंध आधुनिक दलित आशयासाठी वापरता येतो, हे नांदेडच्या दत्ता भगत यांनी ‘आवर्त’मध्ये दाखवून दिले होतेच.

27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होईपर्यंतची सोळा वर्षे या विद्यापीठातल्या कोणत्याही मंचाला तटस्थ राहणे कठीण होते. प्रकाश त्रिभुवन यांचे ‘थांबा, रामराज्य येतंय’ यासारखे नाटक औरंगाबादेत लिहिले जाते, त्यामागे ही हवा आहे. या काळात नव्याने नाटकात येणाऱ्या विद्यार्थ्याला आधी ठरवावे लागे ते कोणाबरोबर तालीम करायची. तालमीची खोली ही राजकीय जागा होती, आणि नवख्याला ते पहिल्या संध्याकाळीच कळत असणार.

त्याच शहरात, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांच्या पिढीने ‘जिगीषा’ उभी केली. ही मुले तरुण होती, नवखी होती, आणि स्पर्धांच्या वातावरणात वाढलेली होती. दशकाच्या अखेरीकडे त्यांतील प्रमुख मंडळी मुंबईला गेली आणि 1991 साली आलेल्या ‘चारचौघी’ने मराठी व्यावसायिक रंगभूमीला वळण दिले. ही यशकथा खरी आहे आणि अभिमानास्पदही आहे. अडचण तिच्या वापराची आहे. राज्य नाट्यस्पर्धा 1954 च्या सुमारास सुरू झाली, पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून भरू लागला, आणि आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवांची साखळी देशभर पसरली. तेव्हापासून एकांकिका हा विद्यार्थी-नाट्याचा जवळजवळ एकमेव आकृतिबंध बनला. ठरलेली वेळ, मोजका संच, शेवटाकडे धक्का, परीक्षकांची खुर्ची. ‘युगयात्रा’च्या प्रसंगमालिकेत जेवढे नवखे मावत होते तेवढे यात मावत नाहीत. स्पर्धेच्या संघात नवख्याला आधी पडद्यामागे उभे करतात, इस्त्री, प्रॉपर्टी, चहा अशी कामे देतात, आणि एखाद्या वर्षानंतर एक वाक्य देतात. यातून शिस्त येते, मैत्र येते, रंगमंचाचे भान येते. कंपनीतली जुनी उमेदवारीच येथे नव्या वेशात परतली आहे, आणि उमेदवारी म्हटली की बोलण्याचा अधिकार पुढे कधीतरी मिळण्याची गोष्ट होते. मिलिंदमध्ये तो आधी होता, कसब मागाहून.

या फरकाचा नीट अभ्यास करायचा तर ‘युगयात्रा’च्या नटांपासून आरंभ करावा लागेल. या नाटकाविषयी जेव्हा लिहिले जाते तेव्हा लेखकाचे नाव येते, पहिल्या प्रयोगाच्या सर्वांत मोठ्या प्रेक्षकाचे नाव येते, नागपूरच्या समुदायाची संख्या येते. कोणत्या मुलाने कोणते पात्र केले, कोणाला दोन प्रवेशांत दोन वेश घ्यावे लागले, स्त्रीपात्रे कोणी केली, तालमी वसतिगृहात झाल्या की वर्गात, हे सहसा येत नाही. महाविद्यालयाची वार्षिके, स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, वसतिगृहांच्या नोंदवह्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या घरांतील समूहछायाचित्रे ही त्याची साधने आहेत. 1955 साली विशीत असलेले विद्यार्थी आज नव्वदीच्या आसपास आहेत.